बीज कुणाचं, शेत कुणाचं?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'बीजभाषण' असं छापलंय. वाचून मला हसू आलं, कारण आज ज्या शब्दाविषयी बोलायचं ठरवून आलेय तो हाच शब्द – बीज. 'भाषा, साहित्य आणि स्त्री' या विषयाच्या शिबिरात वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं काय काम, असं काहीजणींना वाटलं असेल. पण काही शब्द असे असतात की ते विज्ञानात एक काम करतात आणि काव्यात, पुराणात, म्हणींमध्ये दुसरंच काम करतात. दोन्ही कामं वेगळी राहिली तर काही बिघडत नाही. अलंकार म्हणून आलेला शब्द वस्तुस्थिती म्हणून मिरवायला लागला की घोटाळा होतो, आणि 'बीज' या शब्दाच्या बाबतीत हा घोटाळा बाईला फार महागात पडलेला आहे.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. ज्वारीचं बी, हरभऱ्याचं बी, एरंडीचं बी – वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेल्या आकृत्या. पुढे एका सल्ला केंद्रात बसायला लागले आणि तोच शब्द वेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला. 'पोरगं आमच्या बियाचं आहे, ते आमच्याकडेच राहणार. तुला जायचं तर जा.' हे एका सासऱ्याचं बोलणं. 'जमीनच नापीक निघाली, बी टाकून काय होणार?' हे दुसऱ्या घरातल्या सासूचं. मुलाची तपासणी करायला मात्र ती तयार नव्हती. 'कुणाचं बी वाढवतेस गं?' हे संशयी नवऱ्याचं. यातलं एकही वाक्य शेताच्या बांधावर बोललेलं नाही. पहिल्याने एका आईचं मूल गेलं, दुसऱ्याने एकीचं घर गेलं, तिसऱ्याने एकीने मार खाल्ला. म्हणून या शब्दाचा मागोवा घ्यावासा वाटला.

आधी शब्द नीट निवडून घेऊ. भाऊबीज आणि तुकारामबीज यांतली बीज ही तिथी आहे, द्वितीयेवरून आलेली. ती बाजूला ठेवू. बीजगणित, बीजमंत्र, बीजभाषण यांत बीज म्हणजे मूळ, ज्यातून पुढचा विस्तार होतो ते. या लाक्षणिक वापराबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न आहे तो मूल, आई आणि बाप यांच्याबद्दल बोलताना आपण बीज म्हणतो तेव्हाचा.

तर बी म्हणजे नक्की काय? आज रात्री मूठभर हरभरे भिजत घाला आणि सकाळी एक सोलून बघा. वरचं साल निघेल, आत दोन डाळिंब्या दिसतील आणि त्यांच्या सांध्यावर एक टोकेरी कोंब दिसेल. तो कोंब म्हणजे झोपलेलं रोप. आता ही बी कशी झाली? हरभऱ्याला फूल आलं. फुलाच्या पोटात अंडाशय, त्यात बीजांड. परागकण फुलाच्या कुक्षीवर पडले, त्यांतून नळी निघाली, ती बीजांडापर्यंत पोचली. नळीतून आलेल्या नरपेशीचा आणि बीजांडातल्या अंडपेशीचा संयोग झाला, आणि मग त्या बीजांडाची बी झाली. म्हणजे बी हातात येते तेव्हा नर आणि मादी यांची भेट होऊन गेलेली असते. बीत आईबाप दोघंही आहेत. वरचं साल तर सगळं आईच्याच अंगाचं.

ज्वारीच्या दाण्यात याच्याही पुढची गोष्ट आहे. त्यातला पिठाचा भाग, ज्याची आपण भाकरी करतो, तो भ्रूणाच्या पोषणासाठी साठवलेला असतो. त्याला भ्रूणपोष म्हणतात. सर्गेई नवाशिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवलं की हा भ्रूणपोषसुद्धा संयोगातूनच होतो. त्यात मातृरोपाचे दोन वाटे असतात आणि पितृरोपाचा एक. भाकरी खाताना आपण जे खातो, त्यात दोन तृतीयांश देणं आईचं आहे.

तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बी म्हणजे बाप नव्हे. बी म्हणजे मूल. पुरुषाच्या जागी काही ठेवायचंच असेल तर परागकण ठेवावा लागेल, आणि परागकण नुसता मातीत पेरला तर त्यातून काहीही उगवत नाही.

मग बापाला बीज आणि आईला शेत कुणी केलं? मला वाटतं, उपमा देणाऱ्याने पेरणी पाहिली, फुलोरा पाहिला नाही. पेरणाऱ्याच्या हातात बियाणं असतं, समोर नांगरलेली जमीन असते, जे पेरलं तेच उगवतं. त्याला वाटलं, जीव सगळा बियाण्यात आहे, माती नुसती धरते आणि पोसते. बियाणं ज्या मागच्या हंगामात तयार झालं तो हंगाम उपमेतून गळून गेला. 'पेरावं तसं उगवतं' ही म्हण शेतात खरीच आहे. माजघरात आणली की खोटी होते.

आपल्याकडे 'शास्त्र' शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक विज्ञान आणि एक धर्मशास्त्र. धर्मशास्त्राने ही उपमा उचलली आणि तिचा कायदा केला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात यावर लांबलचक चर्चा आहे. स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज, या गृहीतावरून सुरुवात होते. मग प्रश्न येतो की श्रेष्ठ काय, बीज की क्षेत्र? उत्तर मिळतं की जात ठरते ती बीजावरून. पुढचा प्रश्न, दुसऱ्याच्या शेतात कुणी बी टाकलं तर पीक कुणाचं? उत्तर, शेताच्या मालकाचं. त्यासाठी दाखले दिलेत ते गाय, घोडी, सांडणी, दासी, म्हैस, शेळी आणि मेंढी यांचे. या रांगेत दासी कशी बसवली आहे ते बघा. सगळ्या वादात दावेदार दोनच – बीजाचा मालक आणि क्षेत्राचा मालक. क्षेत्र स्वतः दावा लावत नाही, कारण जमीन कधी कोर्टात जात नसते.

या कायद्याचं साहित्यातलं रूप महाभारतात आहे. विचित्रवीर्य मेला, वंश चालवायला व्यासांना बोलावलं. मुलं झाली ती व्यासांपासून, पण ठरली विचित्रवीर्याची, कारण क्षेत्र त्याचं. अशा मुलाला शब्दच आहे, 'क्षेत्रज'. अंबिका आणि अंबालिकेला कुणी विचारलं नव्हतं. एकीने भीतीने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, दुसरी पांढरीफटक पडली म्हणून पांडू फिकट झाला. बघा, आईचा वाटा कथेने मान्य केला, पण फक्त वैगुण्यापुरता. आपल्याकडेही मूल गुणी निघालं की बापाचा वंश आणि वाह्यात निघालं की 'खाण तशी माती'. ही हिशेबाची पद्धत जुनी आहे.

आदिपर्वातली शकुंतला आठवा. कालिदासाची नव्हे, महाभारतातली. ती मुलाला घेऊन भर दरबारात येते, दुष्यंत तिला ओळख देत नाही. ती गप्प बसत नाही, त्याला खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि तिची बाजू खरी ठरते. आपल्याला आनंद होतो. पण आकाशवाणीचा युक्तिवाद काय आहे? आई म्हणजे केवळ कातडी पिशवी, मुलगा बापाचाच, म्हणून राजा, तू याला सांभाळ. शकुंतलेला न्याय मिळाला तो ती पिशवी आहे या कारणाने. हे उदाहरण लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

हा केवळ आपल्या धर्माचा दोष असं समजू नका. इसवीसनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये एस्किलसची नाट्यत्रयी झाली. तिच्या शेवटच्या नाटकात ओरेस्टीसवर आईच्या खुनाचा खटला चालतो. अपोलो देव त्याच्या बाजूने उभा राहतो आणि सांगतो की आई ही खरी जन्मदात्री नसतेच, पेरलेल्या अंकुराला सांभाळणारी ती दाई. जन्म देतो तो पेरणारा. पुरावा म्हणून अथेनाकडे बोट दाखवतो – ती बापाच्या मस्तकातून जन्मलेली. तिचं मत त्याच्या पारड्यात पडतं आणि आईचा खुनी सुटतो. रंगमंचावर एक अलंकार साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि खटला जिंकून गेला. पुढे ॲरिस्टॉटलने तत्त्वज्ञानाच्या भाषेत तेच मांडलं. आकार देतो पुरुष, स्त्री देते कच्चा माल.

मग आधुनिक विज्ञान आलं, सूक्ष्मदर्शक आला. त्याने तरी हे संपलं असेल असं वाटतं ना? १६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने वीर्यातले शुक्राणू पाहिले. १६९४ मध्ये हार्टसूकर नावाच्या त्याच्याच देशबांधवाने पॅरिसला एक पुस्तक छापलं. त्यात शुक्राणूचं चित्र आहे आणि शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस. असा माणूस कुणीच पाहिलेला नव्हता. हार्टसूकरनेही तो आत असावा म्हणून काढला. बीज म्हणजे अख्खं मूल, बाई म्हणजे कुंडी, ही कल्पना डोक्यात इतकी पक्की होती की तिचं चित्रच उमटलं.

गंमत अशी की त्याच १६९४ साली जर्मनीत कामेरारियस नावाच्या प्राध्यापकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एरंडीची नरफुलं खुडली, मक्याच्या कणसावरचे केस कापले, आणि बी धरत नाही हे दाखवलं. बी व्हायला नर आणि मादी दोन्ही लागतात, हे त्याने झाडांवर सिद्ध केलं. म्हणजे ज्या वर्षी खऱ्या बियाण्याचं खरं कोडं सुटत होतं, त्याच वर्षी माणसाच्या 'बीजा'त खोटा माणूस रंगवला जात होता. उपमा जिथून उचलली त्या शेतातच तिचं खंडन झालं होतं. निरोप घरापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागला. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज प्रथम पाहिलं ते कार्ल फॉन बेअरने, १८२७ मध्ये, कुत्रीच्या शरीरात. आणि शुक्राणूचं व अंड्याचं केंद्रक एकत्र येतं हे ऑस्कर हर्टविगने १८७६ मध्ये समुद्री साळिंदरावर दाखवलं. मुलाच्या पेशीकेंद्रात तेवीस गुणसूत्रं आईची आणि तेवीस बापाची, हे आज शाळेतली मुलगीही सांगते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका तर आईकडूनच येतात.

तरीही अलंकार चिवट असतो. अमेरिकेतल्या एमिली मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वैद्यकाची पाठ्यपुस्तकं तपासली. त्यांत शुक्राणू म्हणजे शूर वीर, अडथळे पार करत निघालेला, आणि अंडं म्हणजे वाट पाहत बसलेली राजकन्या. पाळी म्हणजे नासाडी, आणि रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात ते मात्र आश्चर्य. प्रयोगशाळेत काय दिसत होतं? शुक्राणूचा जोर पुढे घुसण्यापेक्षा आजूबाजूला वळवळण्यात जास्त असतो, आणि अंड्याचं आवरण त्याला धरून ठेवतं. दोघांचं मिळून काम चालतं. पण लिहिताना हात जुन्या गोष्टीकडेच वळत होता.

आपल्याकडे या उपमेचा पहिला सखोल अभ्यास केला लीला दुबे यांनी. बीज आणि धरती या प्रतीकांवरचा त्यांचा लेख १९८६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही उपमा दोघांच्या कामाचं नुसतं वर्णन करत नाही, ती मालकी ठरवते. शेताला पिकावर हक्क नसतो. बीज त्याचं म्हणून मूल त्याचं, आणि शेत विकत घेतलेलं किंवा दानात मिळालेलं म्हणून तेही त्याचं. कन्यादान हा शब्द आता जरा वेगळा ऐकू येतो ना?

या मालकीचा धागा आजच्या कायद्यापर्यंत येतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत ताबा मात्र सामान्यपणे आईकडे. म्हणजे रोप लहान आहे तोवर शेतात असू दे! लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रोखे घ्यायचे होते, तर पालक म्हणून वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडील मेल्यावर असा घ्यायचा नाही, त्यांच्या अनुपस्थितीत असा घ्यायचा. एका शब्दाचा शब्दशः अर्थ सोडवून घ्यायला त्रेचाळीस वर्षं लागली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावायचं असा नियम झाला. चांगलं झालं. पण आडनाव कुणाचं, हा प्रश्न तिथेच आहे.

आता जातीकडे येते, कारण 'शुद्ध बीज' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. तुकोबांच्या प्रसिद्ध अभंगात चांगल्या बीजाला गोमटं फळ येतं असं म्हटलंय. पुढे ते बोलतात ते गोड वाणीबद्दल, देह सत्कारणी लावण्याबद्दल, निर्मळ मनाबद्दल. त्यांचं बीज अंतःकरणातलं आहे. पण लग्नाच्या बैठकीत हाच अभंग म्हटला जातो तो घराणं आणि जात तपासायला. संताची लाक्षणिक भाषा आपण शब्दशः घेतली आणि तिची कुलपरीक्षा केली. धर्मशास्त्रात वरच्या जातीच्या पुरुषाने खालच्या जातीच्या बाईशी संबंध ठेवला तर तो अनुलोम, चालून जातो. उलट झालं तर प्रतिलोम, आणि ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांच्या संततीला चांडाळ ठरवलं. शेतावर पहारा का बसवायचा, तर कुणाचं बी पडेल याची भीती. १९१६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी जातीवरच्या निबंधात दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा बीज-क्षेत्राचा तो नववा अध्यायही जळाला. आज जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या मुलीला मारणारे बाप निघतात, तेव्हा कळतं की कागद जळला, उपमा जळायची आहे.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं, कारण खरी चर्चा तिथे व्हायला हवी.

मुली झाल्या म्हणून बाईला छळलं जातं, तेव्हा आपण शिबिरांत सांगतो की मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरतं. ते खरंच आहे. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ मध्ये किड्यांच्या गुणसूत्रांवरून हे दाखवलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या लढ्यात, ज्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, ही माहिती फार उपयोगी पडली. एखादीचा मार त्याने थांबतो, म्हणून ती सांगावीच. पण एवढ्यावर थांबलो तर काय होतं? 'ठरवतं ते पुरुषाचं बीज, बाईचा काय दोष' असं म्हणताना आपण पुन्हा शेतच होतो, फक्त निर्दोष शेत. ही शकुंतलेची आकाशवाणी आहे, सुटका होते ती पिशवी म्हणून. मुलगी होणं हा दोषच नाही, मग दोष कुणाचा हा प्रश्न कशाला, हे वाक्य आपल्या तोंडात आधी यायला हवं.

दुसरा मोह असतो उलट बाजूचा. मराठीत अंडपेशीला 'स्त्रीबीज' म्हणतात. छान शब्द आहे. आमचंही बीज आहे, म्हणून मूल आमचंही, असं म्हणावंसं वाटतं. पण सरोगसीच्या धंद्याने या वाटेवरचा खड्डा दाखवून दिला. तिथे बीज एका बाईचं, गर्भाशय दुसरीचं. 'भाड्याचं गर्भाशय' हा शब्द रूढ झाला आणि मनूचं क्षेत्र करारनाम्यात येऊन बसलं. नऊ महिने पोटात वाढवणारी, बाळंतपणाचा धोका पत्करणारी गरीब बाई पुन्हा नुसती जमीन ठरली, आणि या वेळी बीजाच्या दावेदारांमध्ये एक बाईसुद्धा होती. २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन होणाऱ्या सरोगसीवर बंदी आली. बंदी हाच उपाय होता का, यावर आपल्यातही दोन मतं आहेत आणि त्यावर बोलू. माझा मुद्दा एवढाच की हक्क बीजावर टांगला तर तो कुणीतरी दुसरी बीजवाली घेऊन जाईल. मूल वाढवणं हे काम आहे. पोटात नऊ महिने आणि पुढे वर्षानुवर्षं. जिने आणि ज्याने ते काम केलं त्याच्यावर नातं उभं राहायला हवं. दत्तक घेणाऱ्या आईचं मूल तिचंच असतं, ते याच न्यायाने. आणि जिला मूल नाही किंवा नको आहे, ती काही पडीक नसते. जमीन पडीक असते, माणूस नाही.

साहित्यात याहून वेगळी वाट नाही का? आहे, आणि ती शेतात राबणाऱ्या बाईनेच दाखवली. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता त्यांच्यामागे, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पेरणीनंतरच्या शेतावरची त्यांची कविता तुम्हा सर्वांना माहीत आहे. त्यात बी धरतीच्या कुशीत झोपलेलं आहे आणि वर माती शालीसारखी पांघरलेली आहे. ही कविता वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पुन्हा वाचा. बहिणाबाईंचं बी हा बाप नाही, मालक नाही. ते तान्हं आहे, निजलेलं. पंडितांना जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं, कारण बियाणं घरात कुठून येतं हे त्यांना ठाऊक असणार. कणसं निवडणं, बी राखेत घोळवणं, कणगीत जपणं, वर्षभर किडीपासून राखणं हे बायकांचंच काम. एका शिबिरात मी हरभरा सोलून दाखवत होते, तेव्हा एक म्हातारी बाई म्हणाल्या, 'बी तर मीच ठेवते, हे पेरायला तेवढे येतात.' सभागृह हसलं. त्यांनी मात्र एका जुन्या वादाचा निकाल एका वाक्यात दिला होता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं जपली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. बीज आणि माता हे दोन शब्द तिथे एकत्र आले आहेत, शब्दशः.

आणि हेही बघा, उपमेत जी शेत आहे तिच्या नावावर शेत नाही. कित्येक ठिकाणी बाईने नांगर धरणंही निषिद्ध. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने चांदवडला १९८६ मध्ये मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायद्याने मिळाला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं चालूच आहे. शेत ही बाईची उपमा असण्यापेक्षा सातबाऱ्यावरची नोंद असावी, एवढं मागणं जास्त आहे का?

शेवटी एक काम सुचवते. परत गेलात की आपापल्या गटात बसून आपल्या बोलीतले असे शब्द गोळा करा. वांझ, भाकड, पडीक, कूस उजवणं, वंशाचा दिवा, पोटची, बियाची. ओव्या, म्हणी, शिव्या, सगळं घ्या. प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने आखा. हा शब्द मुळात कुठल्या वस्तूचा, आपल्यासाठी कोण वापरतं, आणि तो वापरला की कुणाचं काय जातं. हरभरे भिजत घालायला विसरू नका. चर्चा अडली की एक सोलून सगळ्यांच्या हातावरून फिरवा. ज्या शब्दांनी काहीच जात नाही ते कवींना खुशाल राहू द्या. ज्यांनी कुणाचं मूल, घर, जमीन जाते ते लिहून पुढच्या अंकासाठी इथे पाठवा. त्यांची यादी छापली जाईल, आणि पोलीस चौकीत, पंचायतीत, कोर्टात तो शब्द पुन्हा ऐकू आला की तिथल्या तिथे उठून विचारायचं, 'हे कुठल्या शेताबद्दल बोलताय?'